पाणी बेतानं

पहाटे ३.४०

फोन लॉबीतून, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या हजेरीच्या कार्यालयातून, असतो. ड्युटीच्या दोन तास आधी येणाऱ्या या बोलावण्याला रेल्वेत 'कॉल' म्हणतात. "मॅडम, पाच-चाळीसला साइन ऑन. एम्प्टी बॉक्सएन, बडनेऱ्यापर्यंत." पलीकडचा माणूस एवढंच सांगतो. कोळशाचा रिकामा रेक आहे. दीपनगरच्या वीज केंद्रात माल उतरवून पुन्हा चंद्रपूरच्या खाणींकडे निघालेला.

भुसावळात मे महिन्यात भिंती रात्रभर तापलेल्याच राहतात. कूलरसमोर झोपूनही घसा कोरडा पडलेला असतो. ओट्यावर माठ भरलेला आहे. ती अर्धा पेला पाणी पिते आणि पेला पालथा घालते. चहा नको म्हणते. चहा घेतला की तासाभरात लघवीला लागते. सासूबाई डब्यात पोळ्या भरत असतात. "घोटभर तं अजून पिऊन जाय ना माय, आगीत चालली." ती "लॉबीत पिते, आई" म्हणून बूट चढवते. लॉबीतही ती पिणार नाही हे सासूबाईंना माहीत आहे, तरी त्या म्हणतातच.

इथली 'ती' म्हणजे कुणी एक बाई नव्हे. मालगाडीवर सहायक लोको पायलट म्हणून चालणाऱ्या कुणाही बाईचा उन्हाळ्यातला दिवस साधारण असा जातो. गाडी बदलते, स्टेशनं बदलतात, पाण्याचं गणित तेच राहतं. भारतीय रेल्वेच्या बहुतेक इंजिनांत स्वच्छतागृह नाही आणि ती चालवणाऱ्यांना लघवीसाठी थांबायची ठरलेली वेळही नाही. पुरुष त्यातून कसाबसा मार्ग काढतात. बायका कमी पाणी पिऊन दिवस काढतात, आणि ते कुणाला दिसत नाही.

पहाटे ५.४०

लॉबीत शिरल्यापासून प्रत्येक गोष्टीची नोंद होते. अंगठा टेकवायचा, यंत्रात फुंकर मारायची. श्वासात मद्याचा अंश निघाला तर गाडी मिळत नाही. कियॉस्कच्या पडद्यावर आपली विश्रांती पूर्ण झाल्याचं मान्य करायचं. मग कॉशन ऑर्डर हातात येते: कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत वेग किती ठेवायचा, कुठे रुळाचं काम चालू आहे. वॉकीटॉकी घ्यायची, लाल-हिरवे झेंडे घ्यायचे, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके आहेत ना ते पाहायचं.

कामाच्या तासांचे नियमही आहेत आणि ते कागदावर नीट मांडलेले आहेत. सलग गाडी चालवणं ९ तासांच्या वर जाऊ नये, साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत ११ तासांच्या वर जाऊ नये. पंधरवड्याला किती तास, घरी आल्यावर किती विश्रांती, बाहेरगावी किती, सगळं ठरलेलं आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्या ९ तासांच्या आत माणसाने लघवीला केव्हा जायचं, याबद्दल ठरलेलं काही नाही.

लॉबीतलं स्वच्छतागृह हे आजच्या दिवसातलं शेवटचं खात्रीचं ठिकाण. ती आल्या आल्या एकदा जाते आणि निघायच्या आधी पुन्हा एकदा जाते. दुसऱ्यांदा जायची गरज नसते, तरी जाते. या कामातल्या बायकांना ही सवय प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही. पहिल्या काही फेऱ्यांतच ती लागते.

तिचे लोको पायलट पन्नाशीचे आहेत. त्यांच्या बॅगेतून दोन लिटरची पाण्याची बाटली बाहेर डोकावते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तिची बाटलीही दोन लिटरचीच आहे. फरक असा की त्यांची बाटली दुपारपर्यंत दोनदा भरली जाईल.

सकाळी ६.२०

यार्डात उभ्या रेकच्या तोंडापर्यंत खडीवरून चालत जायचं. पाठीवर बॅग, हातात डबा. इंजिन डब्ल्यूएजी-९ आहे: सहा हजार अश्वशक्तीचं, वजन सव्वाशे टनांच्या आसपास, लांबी वीस मीटरांहून थोडी जास्त. दोन्ही टोकांना एकेक केबिन आणि मधे मशीन रूम. तिथल्या अरुंद बोळातून जाताना ब्लोअरच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही.

ती आत एक फेरी मारते. ब्रेकरमधला कुठला स्विच पडलेला नाही ना, तेलाची पातळी ठीक आहे ना, अग्निशामक नळकांडी जागच्या जागी आहेत ना, चाकाला लावायच्या लाकडी पाचरी आहेत ना. वीस मीटर लांबीच्या या यंत्रात पाचरींनासुद्धा ठरलेली जागा आहे. माणसाच्या शरीराला लागणाऱ्या एका गोष्टीसाठी जागा राखायची राहून गेली. आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही असं म्हणायलाही वाव नाही.

१९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला पत्र लिहिलं. पोट बिघडलं म्हणून तो अहमदपूर स्टेशनात उतरला होता. तो बसलेला असतानाच गार्डने शिट्टी दिली आणि धोतर सावरत गाडीमागे धावताना तो फलाटावर सगळ्यांदेखत पडला. त्याची तक्रार दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेली आहे, आणि खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले त्याच्याशी तिचा संबंध जोडला जातो. म्हणजे लांबच्या प्रवासात माणसाला ही सोय लागते हे रेल्वेला शंभरहून अधिक वर्षं ठाऊक आहे. प्रवाशांच्या डब्यात सोय झाली. त्या डब्यांना ओढणाऱ्या इंजिनात ती यायला २०१६ साल उजाडलं. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात जैवशौचालय बसवलेलं पहिलं इंजिन रुळावर आलं. त्यानंतर काही इंजिनांत सोय होत गेली. कुठल्या दिवशी कुठलं इंजिन वाट्याला येईल हे मात्र चालवणाऱ्याच्या हातात नसतं. आजच्या इंजिनात ती सोय नाही.

सकाळी ७.२५

स्टार्टर सिग्नल हिरवा होतो. रिकाम्या वाघिणींची माळ एकामागून एक धक्के देत ताणली जाते आणि पावणेसातशे मीटरांची गाडी हलते.

आता दोघांचं काम म्हणजे डोळे आणि तोंड. समोर दिसणारा प्रत्येक सिग्नल दोघांनी हात दाखवून मोठ्याने म्हणायचा. आधी एकाने, मग दुसऱ्याने. स्टेशन आलं की तिने खिडकीतून हिरवा झेंडा दाखवायचा आणि फलाटावरच्या माणसाचा झेंडा पाहायचा. वळणावर मान बाहेर काढून मागची अख्खी गाडी न्याहाळायची; कुठे धूर, कुठे लोंबकळणारी साखळी दिसते का. लोको पायलटसमोर दक्षता यंत्र आहे. मिनिटभर त्यांनी कुठल्याही दांड्याला, बटणाला, भोंग्याला हात लावला नाही तर दिवा लागतो, मग घंटा वाजते, आणि तरीही हात हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. चालवणारा जागा आहे याची खात्री यंत्र अशी दर मिनिटाला करून घेतं. तेच योग्यही आहे. मागे शेकडो टन लोखंड असतं आणि पुढे फाटकांवर माणसं.

वरणगाव मागे पडतं. ती बाटलीचं झाकण उघडून ओठ ओले होतील इतकंच पाणी घेते, तोंडात फिरवते आणि गिळते.

सकाळी ८.४०

बोदवडच्या पुढे एका छोट्या स्टेशनात गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या मार्गावर, घेतात. मागून एक्स्प्रेस येते आहे, तिला मुख्य मार्ग मोकळा हवा. मालगाडीच्या दिवसाचा मोठा भाग असा लूपमध्ये उभं राहण्यात जातो.

इथे मालगाडी कशी उभी राहते हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी अडचण त्यात आहे. लूपमध्ये आल्यावर गाडीचं शेपूट मागच्या सांध्यातून पूर्ण आत यावं लागतं, तरच शेजारचा मार्ग मोकळा होतो. त्यासाठी इंजिनाला थेट पुढच्या टोकाला, स्टार्टर सिग्नलपाशी जाऊन थांबावं लागतं. स्टेशनची इमारत साधारण मध्यावर, तीही बहुधा पलीकडच्या बाजूला. म्हणजे इंजिनातून उतरून इमारतीपर्यंत जायचं तर तीन-चारशे मीटर मोठ्या खडीवरून, उन्हात, मधले रूळ ओलांडत. तेवढंच परत. पायऱ्या चढून केबिनमध्ये येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आणि सिग्नल कधी पडेल ते कुणी सांगितलेलं नसतं.

लोको पायलट खाली उतरतात, वाघिणीच्या आडोशाला दोन मिनिटं उभे राहतात आणि परत येतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्यांनाही दुसरी सोय नाहीच. वर आल्यावर ते म्हणतात, "मॅडम, तुम्ही जाऊन या. मी आहे इंजिनवर." ते मनापासून म्हणतात. इंजिन बेवारस सोडता येत नाही, म्हणून एकाने थांबायलाच लागतं, आणि ते थांबायला तयार आहेत.

ती स्टार्टरकडे बघते. अजून लाल. एक्स्प्रेस गेली की मिनिटा-दोन मिनिटांत आपला सिग्नल होईल की आणखी एक गाडी काढतील? निम्म्या वाटेवर असताना सिग्नल हिरवा झाला तर धावत यावं लागेल. खडीवर पाय मुरगळला तर? आणि गाडी आपल्यासाठी उभी राहिली तर ती मिनिटं कुणाच्या नावावर लागतील? "नको सर, पुढे बघू."

एक्स्प्रेस निघून गेल्यावरही गाडी लूपमध्येच उभी राहते. आणखी दोन गाड्या काढल्या जातात. ९.३५ ला सिग्नल होतो. पंचावन्न मिनिटं मिळाली होती. चालत जाऊन, हातपाय धुऊन, सावकाश परत येण्याइतकी. ती पंचावन्न आहेत हे तिला आधी कळलं नाही, एवढंच. या सगळ्या प्रश्नातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. वेळ नसतो असं नाही, वेळेची खात्री नसते. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाच्या आलेखावर कुठली गाडी कुणामागून काढायची हे बरंचसं मांडलेलं असतं. "चाळीस मिनिटं तरी उभे आहात" एवढं एक वाक्य वॉकीटॉकीवर सांगायला नवं इंजिन लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

सकाळी ११

मलकापूर, नांदुरा. केबिनची पुढची काच तापून तिच्याकडे चेहरा ठेववत नाही. खिडकी उघडी ठेवावी तर झळा येतात, लावावी तर गुदमरतं. काही इंजिनांत आता वातानुकूलन आहे, या इंजिनात नाही. पंखा गरमच हवा फिरवतो.

पाच तास उलटून गेले. ओटीपोटात जडपणा आहे आणि डोक्यात बारीक ठणका. पहिला लघवी धरल्याचा, दुसरा पाणी न प्यायल्याचा. पहिल्याला आवर घालायचा म्हणून पाणी बंद, पाणी बंद म्हणून दुसरा वाढतो.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरांचा असतो. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला तेवढं अंतर कापावं लागतं, म्हणून बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होतो. पाणी भरपूर पिणं आणि लघवी वेळच्या वेळी करणं हे त्यावरचं साधं रक्षण. मूत्राशय रिकामं होताना जंतूही धुऊन निघतात. या कामात दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या होतात. मग जळजळ, ताप, कंबरेत कळ, प्रतिजैविकांचा कोर्स, आणि कोर्स संपला की पुन्हा तीच ड्युटी. उन्हाळ्यात घामाने पाणी जातं, वरून पिणं बंद. लघवी दाट होते आणि मुतखड्याला जागा मिळते. डॉक्टर चिठ्ठीवर "पाणी भरपूर प्या" असं लिहून देतात, आणि ती चिठ्ठी घेऊन बाई पुन्हा इंजिनावर चढते.

पाळीच्या दिवसांबद्दल बोलायलाच हवं. नऊ तास एकच पॅड. बदलायचं तर मशीन रूमच्या बोळात, ब्लोअरच्या धडाक्यात, उच्च दाबाच्या उपकरणांना पाठ लावून, गाडी उभी असताना, आणि लोको पायलटने मागचं दार उघडू नये असं त्यांना सांगून. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून दिवसभर बॅगेत, डब्याशेजारी. काही जणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. काही मोठ्या माणसांचे डायपर लावून येतात. पंचेचाळीस अंशांत, सुती गणवेशाखाली, आठ-नऊ तास डायपर लावून सिग्नल वाचणाऱ्या पंचविशी-तिशीच्या मुली आपल्या राज्यात आहेत, हे वाचून आपण स्वस्थ बसू नये असं मला वाटतं.

आणि हा केवळ त्यांच्या सोयीचा प्रश्नही नाही. तहानेने डोकं जड झालेल्या, लघवी दाबून बसलेल्या माणसाचं लक्ष समोर किती राहील? लॉबीत यंत्रात फुंकर मारून घेतात ते याच लक्षासाठी. झोप पुरी झाली का विचारतात तेही त्याचसाठी. मग या एका गोष्टीची चौकशी का नाही?

दुपारी १२.३५

शेगाव मागे पडल्यावर ती सांगते. "सर, आता नाही थांबता येणार."

ते मान हलवतात आणि वॉकीटॉकी उचलतात. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांना गाडीचा क्रमांक सांगतात आणि म्हणतात, "मॅडमना वॉशरूमला जायचं आहे, दहा मिनिटं थांबायला मिळेल का?" हे वाक्य स्टेशन मास्तर ऐकतात, त्यांच्याजवळ बसलेला पॉइंट्समन ऐकतो, आपल्याच गाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमधले ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचे गार्ड, ऐकतात. त्या टापूत दुसरी गाडी असेल तर तिच्यातले दोघेही ऐकतात. मास्तर नियंत्रण कक्षाला विचारतात. तिथेही ते आणखी दोघा-तिघांच्या कानावर जातं. एका बाईला लघवीला जायचं आहे ही गोष्ट पाच मिनिटांत दहाएक अनोळखी पुरुषांना कळते. कुणी वाईट बोललं नाही तरी ती खिडकीबाहेर बघत राहते. नव्या मुली हे टाळण्यासाठीच सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत.

परवानगी मिळते. गाडी पुन्हा लूपला. ती बाटली हातात घेऊन उतरते. खडीवर, मग पायवाटेवर, मग फलाटावर. स्वच्छतागृहाला कुलूप आहे. किल्ली पॉइंट्समनकडे, तो सांध्यावर गेलेला. मास्तर स्वतः उठतात, खण धुंडाळतात, दुसरी किल्ली काढून देतात आणि ओशाळून म्हणतात, "नळाला पाणी नाही बघा ताई, टँकर संध्याकाळी येतो." सकाळपासून जपलेलं प्यायचं पाणी तिथे वापरलं जातं. बाटलीत तळाला चार घोट उरतात.

येताना ती जवळजवळ धावतच येते. अठरा मिनिटं लागली. दहा मागितली होती.

या अठरा मिनिटांना रेल्वेच्या भाषेत डिटेन्शन म्हणतात आणि प्रत्येक डिटेन्शनचं कारण लिहावं लागतं. सिग्नल बिघडला तर त्या खात्यावर, इंजिन बिघडलं तर त्या खात्यावर. ही अठरा मिनिटं क्रूच्या नावावर लागतात. सकाळची बोदवडपुढची पंचावन्न मिनिटं मात्र वाहतुकीच्या गरजेत मोडतात, त्यांबद्दल तिला कुणी विचारणार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने विभागीय रेल्वेंना कळवलं की लोको पायलटांना जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक सुट्टी कायद्याने बांधून देणं गाड्या चालवण्याच्या दृष्टीने शक्य नाही. गर्दीच्या मार्गावर एक गाडी थांबली की मागच्या चार गाड्या थांबतात हे मला मान्य आहे; मुंबई-हावडा मार्गावर राहणाऱ्या कुणालाही ते कळतं. पण त्याच मार्गावर मालगाड्या लूपमध्ये तासन्‌तास उभ्या असतात, हेही तितकंच खरं. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदा कामगाराला सलग पाच तासांच्या वर काम देऊ नका, मधे निदान अर्धा तास द्या असं सांगत होता, आणि पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधायला लावत होता. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा बसवरच्या चालक-वाहकांसाठी त्याच अर्ध्या तासाची तरतूद करून गेला. एस.टी.च्या वाहक बाईला तो अर्धा तास कसा आणि कुठे मिळतो ही वेगळी रडकथा आहे, पण निदान तिला बोट ठेवायला कायद्याचं कलम होतं. रुळावरच्या बाईला बोट ठेवायला जागाच नाही. लूपच्या दोन्ही टोकांना, स्टार्टरजवळ, एकेक स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी बांधली तर गाडीला एक मिनिटही जास्त थांबावं लागणार नाही. हे काम कठीण आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

दुपारी ३.०५

अकोला, बोरगाव, मूर्तिजापूर सरळ निघाले. बडनेरा नजरेच्या टप्प्यात आल्यावर स्टेशनात शिरायचा होम सिग्नल लाल. यार्डात जागा नाही. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची उलंगलेली रानं, एक झाड नाही. पस्तीस मिनिटं. दोघं बोलत नाहीत. डबा तिने अर्धाच खाल्ला. पाण्याशिवाय पोळी घशाखाली उतरत नव्हती.

मागे ब्रेकव्हॅनमध्ये ट्रेन मॅनेजर एकटे आहेत. त्यांची अवस्था याहून वाईट म्हणावी लागेल. मालगाडीच्या बऱ्याच ब्रेकव्हॅनमध्ये संडास नाही, पंखाही नाही, आणि बोलायला दुसरा माणूस नाही. त्या जागेवरही आता बायका येऊ लागल्या आहेत.

दुपारी ४.१०

साइन ऑफ. पुन्हा अंगठा, पुन्हा यंत्रात फुंकर. कियॉस्कवर भरायचं: गाडी किती वाजता आली, इंजिनात काही दोष आढळला का, रुळावर, सिग्नलवर, तारांवर काही वावगं दिसलं का. ती नोंदवते की मूर्तिजापूरच्या अलीकडे एका सिग्नलसमोर बाभळीची फांदी आली आहे. उद्या कुणीतरी ती तोडेल. रेल्वेत असल्या नोंदींची दखल घेतली जाते. तिला स्वतःला काय झालं हे लिहायला रकाना नाही.

रनिंग रूमवर, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतिगृहावर, पोचल्यावर ती न्हाणीघराचं दार लावते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. मग पाणी. एक तांब्या, थोडं थांबून दुसरा. डोकं उतरायला संध्याकाळ होते.

संध्याकाळी ७

बायकांच्या खोलीत आणखी दोघी आहेत. एक नागपूरकडून आलेली, तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. बोलणं घरचं होतं, पोरांच्या शाळेचं होतं आणि मग वळतं ते कुठल्या स्टेशनात कसं आहे याकडे. अमुक ठिकाणी किल्ली मास्तरांच्या टेबलाच्या डाव्या खणात असते. तमुक ठिकाणी स्टेशनचं बंद असलं तरी फाटकाशेजारच्या क्वार्टरमधल्या काकू जाऊ देतात, लूप तीनवर थांबलात तर तिथून जवळ पडतं. एके ठिकाणी संध्याकाळनंतर मुळीच उतरू नकोस, दारुडे बसलेले असतात. हे सगळं एकीकडून दुसरीकडे तोंडी जातं. नवी मुलगी रुजू झाली की तिला कॉशन ऑर्डर कशी वाचायची हे वरिष्ठ शिकवतात, आणि ही माहिती बायका देतात. मार्गाचा हा नकाशा रेल्वेने स्वतः करून भिंतीवर लावायला हवा.

सुरेखा यादव यांचा विषय निघतो. साताऱ्याच्या या बाई १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या, २०११ च्या ८ मार्चला त्यांनी डेक्कन क्वीन नेली, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षं. या तिघींपैकी दोघी त्यांचा फोटो वर्तमानपत्रात पाहून या नोकरीत आल्या. मोठी म्हणते, "त्यांनी घाटात गाड्या नेल्या, मागून ढकलणारी बँकर इंजिनं चालवली, सगळं केलं. पण त्या काळात त्या एवढे तास कशा काढत असतील, हे कुणी त्यांना विचारलेलं मी वाचलं नाही." तिसरी पोरगी तेवीस वर्षांची, नुकतीच लग्न ठरलेली. तिला यापुढे काय होतं ते विचारायचं आहे. मोठी सांगते: दिवस गेले की ऑफिसमधलं हलकं काम मागायचं, मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर अर्ज कर. मधल्या आठवड्यांत उलट्या होतात आणि लघवी वारंवार लागते. त्या आठवड्यांत रजा घे. जेवढी शिल्लक असेल तेवढी आत्तापासून राखून ठेव.

या बायकांना काम सोडायचं नाही. इंजिनाबद्दल बोलताना त्यांचे चेहरे उजळतात. भरलेला रेक पहिल्यांदा चढावर ओढला तो दिवस, धुक्यात सिग्नल शोधत काढलेली रात्र, सगळं त्या हौसेने सांगतात. परीक्षा देऊन, अभियांत्रिकीची पदविका घेऊन, घरच्यांशी भांडून मिळवलेली ही नोकरी आहे. कुणी "बायकांना हे काम झेपत नाही" म्हणालं की त्यांना राग येतो, आणि तक्रार केली तर नेमकं तेच वाक्य ऐकावं लागेल या भीतीने त्या गप्प बसतात. म्हणून हे त्यांच्या वतीने इतरांनी बोलायला हवं. त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांनी आधी, कारण वाघिणीच्या आडोशाला उभं राहणं हीसुद्धा काही सोय नव्हे. साठीकडे झुकलेल्या, मधुमेह असलेल्या लोको पायलटला दर दीड तासाने लागतं, तोही दिवसभर तेच दाबून बसतो.

रात्री १०.१०

आठ तासांची विश्रांती पुरी व्हायला दोन तास आहेत, म्हणून कॉल आत्ता येतो. ती झोपायचं म्हणून आडवी झाली होती, थोडाच वेळ डोळा लागला.

"मॅडम, बारा-दहाला साइन ऑन. लोडेड कोल, भुसावळ."

भरलेली गाडी म्हणजे वेळ जास्त लागणार. रात्र आहे, त्यामुळे ऊन नाही, पण अंधारात छोट्या स्टेशनवर खडीवरून चालत जाणं आलं. तिने संध्याकाळपासून चार तांबे पाणी प्यायलं आहे. पाचवा उशाशी भरून ठेवलेला आहे.

"इंजिन कुठलं लागलंय? नंबर सांगता?"

"कशाला मॅडम?"

"त्यात बाथरूम आहे का बघायचंय."

पलीकडे कीबोर्डचा आवाज येतो. "अजून इंजिन लिंक झालं नाही. लॉबीत आल्यावर कळेल."

ती तांब्यावर झाकण ठेवते आणि गणवेश चढवायला घेते.